यात्रेच्या दोन दिवसांत वजन दोन किलोनं कसं वाढलं?

शाहूपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय. वय ४१, बँकेत नोकरी, दिवसभर बैठं काम. चार आठवड्यांपूर्वी वजन ७४.२ किलो होतं. भात बंद केला, दोनाऐवजी एक भाकरी ठेवली, रात्री नुसतं सूप किंवा ताक, आणि गेल्या आठवड्यापासून सकाळी अजिंक्यतारा चढायला सुरुवात केली. शुक्रवारी काटा ७०.९ वर आला. शनिवार-रविवार सासरच्या गावची यात्रा होती. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटण. सोमवारी सकाळी काट्यावर ७२.८. त्या विचारतात, महिनाभराचं सगळं दोन दिवसांत वाया गेलं का? आता तीन दिवस नुसत्या ज्यूसवर राहू का? आणि चरबीची टक्केवारी दाखवणारा नवा काटा घ्यावा का?

ताई, आधी हिशेब करू, म्हणजे छातीतली धडधड थांबेल. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुमची वाढ १.९ किलोची. ती सगळी चरबी असेल तर दोन दिवसांत साडेचौदा हजार कॅलरी जादा पोटात जायला हव्यात. जादा म्हणजे रोजच्या १,८००च्या आसपासच्या गरजेच्या वर. तूप सोडलेली मोठी पुरणपोळी ३५० कॅलरींची धरली, तर रोजचं जेवण करून वर चाळीसहून जास्त पोळ्या खायला लागतील. सासरच्या गावी यात्रेला आग्रह होतो हे मला माहीत आहे, पण एवढा नाही होत.

समजा दोन्ही दिवस मिळून दीड-दोन हजार कॅलरी जादा गेल्या. पोळ्या, कटाची आमटी, भजी, दुसऱ्या दिवशी मटणाचा तर्रीदार रस्सा, भाकरी, वर भात, एवढं धरूनही तेवढंच होतं. त्याची चरबी झालीच तर फार तर पाव किलो. मग उरलेले दीड किलोच्या वर आले कुठून?

डेअरीला दूध घालणाऱ्याला हे चटकन समजतं. तिथं लिटर वेगळे मोजतात आणि फॅट वेगळं लावतात. पैसे ठरतात ते फॅट पाहून. आपल्या घरातला काटा फक्त लिटर मोजतो. हाडं, स्नायू, रक्त, पोटातलं कालचं जेवण, मूत्राशयातली लघवी आणि चरबी, सगळ्यांची मिळून एकच बेरीज तो दाखवतो. तुमच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी आहे, म्हणजे पस्तीसेक लिटर. त्यातलं लिटर-दीड लिटर दोन दिवसांत कमीजास्त होणं ही रोजची गोष्ट आहे. चरबी एवढ्या घाईनं हलत नाही, ना वर ना खाली.

आता तुमच्या यात्रेकडे येऊ. पहिला संशय मिठावर. पेशींच्या बाहेर जे पाणी असतं त्यातला खारटपणा शरीर ठरावीक ठेवतं, लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम मिठाइतका. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं ते याच हिशेबानं. म्हणजे सहा ग्रॅम मीठ जादा गेलं, चहाचा एक चमचा, तर ते बाहेर पडेपर्यंत शरीर साडेसहाशे-सातशे मिली पाणी धरून ठेवणार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. यात्रेच्या पंगतीत पापड, कुरडई, लोणचं, भजी आणि रस्सा एका ताटात आले की तेवढं एका जेवणातच होतं, वरून घेतलेलं मीठ धरलंच नाही. रविवारी रात्री सारखी तहान लागत होती का? सोमवारी सकाळी अंगठी बोटात घट्ट बसली होती का, डोळ्यांखाली सुजल्यासारखं वाटत होतं का? असेल तर ते हेच पाणी. मूत्रपिंड ते दोन ते चार दिवसांत बाहेर काढतं, त्यासाठी वेगळा काढा लागत नाही.

दुसरी गोष्ट पिठूळ आणि गोड पदार्थांची. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंमध्ये चारशेच्या आसपास. या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बसतं. तुम्ही महिनाभर भात बंद आणि एक भाकरी यावर होता, त्यामुळे साठा बराच रिकामा होता. शनिवारी पुरणपोळी गेली, रविवारी भात गेला, आणि रिकामी कोठारं भरायला लागली. दोनशे ग्रॅम साठा भरला तरी पाण्यासकट आठशे ग्रॅम झाले. यात चरबीचा संबंध नाही. उलट मंगळवारी गड चढताना पायांत नेहमीपेक्षा जास्त जोर जाणवला असेल, तो यामुळेच.

तिसरं कारण लोक बोलायला लाजतात. दोन दिवस भरपेट जेवलेलं अन्न सोमवारी सकाळी आतड्यातच असतं. तोंडातून गेलेलं बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात. त्यात प्रवास, पाहुण्यांच्या घरातला एकच संडास आणि बाहेर रांग, यानं पोट साफ होत नाही. त्याचे तीनचारशे ग्रॅम सहज निघतात.

आणि गड. अजिंक्यताऱ्यावर जाताना दम लागतो, पण स्नायूंना खरा मार बसतो तो उतरताना, कारण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात. नव्यानं सुरुवात केली की एक-दोन दिवसांनी मांड्या, पिंढऱ्या भरून येतात. ते स्नायू दुरुस्त होत असताना त्यांच्यात थोडी सूज असते, आणि सूज म्हणजे पुन्हा पाणी. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात काटा अडतो किंवा थोडा चढतो तो यामुळे. बरेच जण नेमके तिथेच गड सोडतात. तुम्ही सोडू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती पाळीची तारीख. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींच्या अंगात पाणी साठतं आणि पाळीच्या पहिल्या दिवसाच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं. कुणाला अर्धा किलो, कुणाला दोन किलोपर्यंत. तुमची यात्रा त्याच आठवड्यात आली असेल तर फार शोधायलाच नको. म्हणून बायकांनी या सोमवारचं वजन मागच्या सोमवारशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. या पाळीनंतरचा आठवडा मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी ताडा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. काटा वर गेला म्हणून घाबरून विचारायला लोक रोज येतात. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरले, हे कसं काय, असं विचारायला मात्र कुणी येत नाही. ते पेढे घेऊन येतात. माणूस सातारचा, त्यामुळे कंदी पेढेच, आणि तेही डाएटच्या दुसऱ्या आठवड्यात. पण जे पाणी यात्रेनंतर चढलं तेच पाणी डाएटच्या पहिल्या आठवड्यात उतरलेलं असतं. भात बंद झाला, ग्लायकोजेन कमी झालं, बाहेरचं खाणं थांबलं म्हणून मीठ कमी झालं, आतड्यात अन्न कमी राहिलं. ते उतरणं मेहनतीचं फळ म्हणून मिरवायचं आणि तेच परत आलं की मेहनत वाया गेली म्हणून रडायचं, हा दुहेरी हिशेब आहे.

तुमचंच गणित मांडते. तुम्ही सांगितलेल्या जेवणावरून रोज सहाशे-सातशे कॅलरींची तूट धरू. चार आठवड्यांत ती सतरा ते साडेएकोणीस हजारांच्या घरात जाते, म्हणजे सव्वादोन ते अडीच किलो चरबी. काट्यानं दाखवलेली घट ३.३ किलो. वरचा पाऊण-एक किलो पहिल्यापासूनच पाण्याचा होता. म्हणून ७०.९ हा आकडाही जरा फुगवून सांगितलेलाच होता, तुमच्या बाजूनं. हे मान्य केलंत तर ७२.८ बघून एवढा धक्का बसणार नाही. चरबीचं म्हणाल तर सव्वादोनातला पाव किलो फार तर परत आला असेल.

हे आपल्या भागातल्या पैलवानांना कुणी शिकवावं लागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आले, त्या मातीतल्या तालमीत वजनगट म्हणजे काय हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वजन द्यायच्या आदल्या दिवशी पाणी तोडायचं, अंगावर कपडे चढवून घाम काढायचा, वजन दिलं की खाऊन-पिऊन पुन्हा पूर्ववत. रात्रीत चरबी जाळली असं कुठलाच पैलवान म्हणत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या दिवशी ५० किलोत बसलेली ती, कुस्त्यांच्या मधल्या खाण्यापिण्यानं संध्याकाळपर्यंत वजन चढलं, रात्रभर घाम गाळला, केसही कापले, तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत गेली. एवढी शिस्तीची खेळाडू, आणि एका दिवसात वजन एवढं वरखाली. आपण तर पंगतीत बसून आलेलो.

ज्यूसबद्दल माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. कारण ऐका. पुढच्या तीन-चार दिवसांत तुम्ही काहीही केलं नाही तरी काटा बऱ्यापैकी उतरणार आहे. त्या तीन दिवसांत तुम्ही ज्यूस प्यायलात तर श्रेय ज्यूसला जाईल. जिऱ्याचं पाणी प्यायलात तर जिऱ्याला, मेथीदाणे खाल्ले तर मेथीला. सणासुदीनंतर तीन दिवसांत दोन किलो उतरवणारे जेवढे उपाय फिरतात, ते सगळे या आपोआप उतरणाऱ्या पाण्यावर नाव कमावतात. जुलाबाच्या पावडरी आणि घाम काढणारे पट्टे यांचाही धंदा हाच, फक्त त्यांत अंगातले क्षार जातात आणि चक्कर येते.

शिवाय उपासमार वाढवली की उलटही होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवून अभ्यास झाला. त्यांचे चेहरे ओढले, हाडं दिसायला लागली, पण पायांवर सूज होती. आतून माणूस वाळत असताना काटा तेवढा खाली जात नव्हता, कारण जागा पाण्यानं घेतली होती. तुमचं प्रकरण त्याच्या जवळपासही नाही, पण रात्री नुसत्या सूपवर राहणाऱ्यांचा काटा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडतो आणि दोन दिवस नीट जेवल्यावर एकदम किलोभर उतरतो, हे मी नेहमी पाहते.

त्यापेक्षा हे करा. आज रात्रीपासून सूपाऐवजी एक छोटी ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी, आणि कोशिंबीर. दुपारी अर्धी वाटी भात खाल्लात तर आभाळ कोसळणार नाही. डाळ, उसळ, दही, अंडी यांचं प्रमाण वाढवा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. ताकात वरून मीठ घालू नका. पाणी तहानेप्रमाणे प्या. अंगात पाणी साठलंय म्हणून पाणी तोडू नका. महिनाभर अर्धपोटी राहिल्यामुळेच यात्रेत हात थांबला नाही, असाही मला दाट संशय आहे. गुरुवार-शुक्रवारपर्यंत काटा ७१ ते ७१.५ च्या दरम्यान यावा. पाळी जवळ असेल तर आणखी आठवडा धरा.

वजन करायची पद्धत. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, जवळजवळ त्याच कपड्यांत. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावरच्या वजनात अर्धा ते एक किलोचा फरक असतो. श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाणी जातं, सकाळी लघवी होते. म्हणून संध्याकाळी जिममध्ये केलेलं वजन घरच्या सकाळच्या वजनाशी लावू नये. खात्री पटत नसेल तर काट्यावर उभ्या राहा, खाली उतरून अर्धा लिटर पाण्याची बाटली गटागट संपवा आणि परत चढा. अर्धा किलो वाढलेलं दिसेल. मी हे समोर करायला लावते, आणि हिशेब माहीत असूनही लोकांचा चेहरा पडतो.

रोजच्या आकड्याकडे बघायचं नसेल तर काट्यावर रोज चढा. हे उलटं वाटेल, पण आठवड्यातून एकदाच वजन करणाऱ्याची जास्त फसगत होते. एक उदाहरण पाहा. पहिल्या आठवड्यात सोमवार ते रविवार आकडे असे आले: ७१.३, ७०.९, ७१.६, ७१.१, ७०.८, ७१.४, ७०.९. पुढच्या आठवड्यात ७१.०, ७०.६, ७१.२, ७०.९, ७०.५, ७०.८, ७१.३. नुसते दोन रविवार पाहिले तर वजन ४०० ग्रॅमनं वाढलं, आणि घरात दिवसभर तोंड फुगलेलं. सातही दिवसांची बेरीज करून सातानं भागा: पहिल्या आठवड्याची सरासरी ७१.१४, दुसऱ्याची ७०.९. वजन पाव किलोच्या आसपास उतरलेलं आहे. फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोजचा आकडा लिहा आणि रविवारी मोबाइलवर भागाकार करा, बस्स. काहींना मात्र रोज आकडा पाहून खाण्याची भीती बसते, जेवण सुटतं किंवा लपूनछपून खाणं सुरू होतं. अशांनी काटा माळ्यावर टाकलेला बरा.

काट्याचे स्वतःचेही नखरे असतात. तो सपाट, कडक फरशीवर हवा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर भलतंच दाखवतो. जुन्या घरांतली शहाबादी फरशी वरखाली असते, तिथं डुगडुगणार नाही अशी एकच जागा ठरवा. बरेचसे डिजिटल काटे लबाड असतात: लगेच दुसऱ्यांदा चढलात आणि फरक थोडाच असला, तर नवं वजन न करता आधीचाच आकडा परत दाखवतात. आपल्याला वाटतं काटा किती अचूक! मध्ये एकदा पाच किलोचा पिठाचा डबा हातात घेऊन वजन करा, मग डबा ठेवून परत चढा, म्हणजे खरं काय ते कळेल. किराणा दुकानातल्या काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होते, घरातल्याची कुणी करत नाही. त्यामुळे तुमचं खरं वजन ७१ की ७२ यावर वाद घालू नका. काटा तोच, जागा तीच, वेळ तीच ठेवलीत तर फरक बरोबर कळतो, आणि आपल्याला फरकच हवाय.

हे सगळं असलं तरी काही वेळा अचानक वाढलेलं वजन दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. यात्रा नाही, लग्न नाही, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, आडवं पडल्यावर धाप लागते, लघवी कमी होते किंवा तिला फेस येतो, तर सरासरी काढत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा तो इशारा असू शकतो. घरातल्या हृदयविकाराच्या रुग्णाचं वजन रोज सकाळी करायला डॉक्टर सांगतात ते याचसाठी. स्टेरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन, मधुमेहावरची पायोग्लिटाझोन यांनी वजन वाढतं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिननं घोट्यांवर सूज येते. गोळी मनानं बंद करू नका, दाखवा. थायरॉइड कमी असेल तर वाढतं ते बरचसं मीठ-पाणीच असतं, सगळी जाडी त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि डाएट न करता वजन घसरत असेल तर आनंद मानू नका. सारखी तहान आणि लघवी असेल तर साखर तपासा, खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर क्षयरोगाची तपासणी करा.

नव्या काट्याचं म्हणाल तर पैसे वाचवा. चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात, त्याला किती अडथळा होतो ते मोजतात, आणि त्यावरून वय-उंची धरून अंदाज बांधतात. हा अडथळा अंगातल्या पाण्यावर अवलंबून असतो. म्हणजे ज्या पाण्यानं तुमचा साधा काटा गोंधळला, त्यानंच तो महागडा काटाही गोंधळणार, फक्त दशांश चिन्हासकट. त्याऐवजी शिंप्याकडे असते तशी टेप आणा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता कंबर मोजा, टेप रुतेल इतकी आवळू नका. दोनदा मोजून सरासरी लिहा. यात्रेनंतरच्या आठवड्यात मोजू नका, पोट फुगलेलं असतं. पुढच्या पंधरवड्यातला आकडा आणि तोपर्यंतच्या रोजच्या वजनांचं कॅलेंडर मला पाठवा. दोन आठवड्यांची सरासरी आणि कंबर दोन्ही जागचे हलले नसतील, तर मग जेवणाची वही उघडून बसू.